दोन फुल्यांमधलं वाक्य

हार्लो फॉल्स, ओहायो
२१ फेब्रुवारी १८८७

चि. आल्फियस यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. आज नेहमीपेक्षा थोडे कमी आहेत, कारण पुढे कळेल.

वि. वि. बाबांच्या समग्र भाषणांचा पहिला खंड तुझ्याकडे पोचला असेल. पोचला नसेल तर पोस्टाचे आभार मान. चामड्याची बांधणी आहे, सोनेरी कडा आहेत आणि सुरुवातीला बाबांचं चित्र आहे. ते पाहून शेजारच्या मिसेस पेटिबोननी हे गृहस्थ कोण म्हणून विचारलं. सदतीस वर्षं त्या बाबांच्या शेजारी राहिल्या! पण चित्राचं सोड. पान २१२ उघड. आपल्या चर्चचे कारभारी डीकन अलार्ड यांच्या दफनाच्या वेळी बाबांनी जे भाषण केलं होतं, त्यात "आता तो आपल्यात नाही" या वाक्यापुढे कंसात "प्रचंड हशा" असं छापलंय. डीकनच्या बायकोने पुस्तक घेतलंय. गेल्या रविवारी चर्चमध्ये तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

याला जबाबदार कोण म्हणशील, तर आधी आपले बाबाच. ओहायोतल्या प्रत्येक गावात या माणसाने दोन-दोन तास भाषणं ठोकली आणि एकही धड लिहून ठेवलं नाही. पाकिटांच्या पाठीवर नुसती टिपणं. काल एक सापडलं. त्यावर "गाय. धरण. वॉशिंग्टन. थांबणे. रुमाल." एवढंच आहे. यावरून मी भाषण छापू का? म्हणून आपले प्रकाशक मि. स्पूनर क्लीव्हलंडहून जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं पाठवतात. एकाच भाषणाची तीन कात्रणं, आणि तिन्हींत बाबा तीन वेगळ्या गोष्टी बोललेले. तो हशाही कुठल्या तरी दुसऱ्या कात्रणातून डीकनच्या अंगावर येऊन पडला.

दुसऱ्या खंडात असं होऊ द्यायचं नाही म्हणून मी घर उलथंपालथं केलं, आणि आईच्या शिवणाच्या पेटीच्या तळाशी तिच्या अकरा वह्या सापडल्या. आई सभेत पहिल्या रांगेत बसून लघुलिपीत भाषण उतरवून घ्यायची, आठवतं ना? ज्या पुस्तकावरून ती शिकली ते फाटकं पुस्तकही तिथेच होतं. तीन आठवडे मी त्यावर डोळे फोडतेय. त्या लिपीत शब्दाची व्यंजनं तेवढी लिहायची, स्वर गाळायचे. मूल, मोल, माल आणि मैल, सगळे एकाच रेघेत. मागचंपुढचं बघून आपण ओळखायचं. घाईत लिहायला उत्तम, पण दुसऱ्याने वाचायला शिक्षा.

त्यात एक कोडं आहे. पुस्तकाप्रमाणे बारीक फुली म्हणजे पूर्णविराम. पण आईच्या वहीत फुल्या वाक्याच्या ऐन मध्येच येतात, आणि नेहमी जोडीने. एवढंच आईला विचारून कळव. दुसरा खंड एक मेला छापायला जायचा आहे. ती तुझ्याकडे कॅन्सासात उन्हात बसून बीन्स सोलतेय, आणि मी इथे तिचे विराम मोजतेय.

माझ्या भावजयीला, कॉर्नेलियाला, आठवण सांग. लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही हे तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझी,
ड्रुसिला

*

ब्रँटली, कॅन्सास
२ मार्च १८८७

ती. ताईच्या चरणी धाकट्याचा नमस्कार आणि डीकनच्या नावाने दोन मिनिटं मौन.

वि. वि. पान २१२ मी कॉर्नेलियाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली, त्यामुळे "प्रचंड हशा" आता अगदीच खोटा राहिलेला नाही.

इकडची मोठी बातमी म्हणजे मी पोलीस न्यायाधीशाच्या जागेसाठी उभा आहे. पाच एप्रिलला मतदान. शहराच्या निवडणुकीत यंदापासून कॅन्सासात बायकांनाही मत आहे, तेव्हा आईसुद्धा मत देणार. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिलं मत! मी तिला म्हटलं की उमेदवार घरचाच आहे, विचार करायला नको. त्यावर ती म्हणाली की विचार करायला मिळावा म्हणून तर बायका चाळीस वर्षं भांडल्या.

मुख्य रस्त्यावर माझा कापडी फलक लागलाय, या दुकानापासून त्या दुकानापर्यंत. वर माझं नाव आणि खाली बाबांचं वाक्य: "कायदा मी कधी पाहिला नाही; पाहिला तो त्याचा हात." लोक थांबून वाचतात. काल दारूबंदीवाल्यांच्या सभेत मी ते बाबांच्याच धाटणीने म्हटलं. आधी वाक्य, मग जरा थांबून "ऐकलंत? पुन्हा सांगतो," आणि पुन्हा वाक्य. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! एकोणीसशे वेळा ऐकलेलं वाक्य, तरी अंगावर काटा येतो. कायद्याचा भक्कम हात! गावाला सध्या तोच हवाय.

तुझ्या फुल्यांचं आईला विचारलं. ती बीन्स सोलत होती. (हो, तुझा अंदाज बरोबर आहे.) तिने मान वर केली नाही. आता काही आठवत नाही म्हणाली, आणि उठून आत गेली. बीन्स अर्धे तसेच टाकून. ताई, म्हातारीला आता छळू नकोस. फुली असेल तिथे पूर्णविराम दे आणि मोकळी हो.

तुझा लोभ वाढेल ही आशा नाही, निदान घटू नये.

आज्ञाधारक (कधीमधी),
आल्फियस

*

हार्लो फॉल्स
९ मार्च १८८७

ती. आईच्या चरणी ड्रुसिलाचा साष्टांग नमस्कार. हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने पाठवतेय. आल्फियसने फोडलं असेल तर त्याचे कान पिळ.

वि. वि. आई, मला फुल्यांचा अर्थ कळला. तू सांगितला नाहीस, पण तुझ्याच वहीने सांगितला. तिसऱ्या वहीत बाबा दारूबंदीवर बोलताहेत, आणि दोन फुल्यांमध्ये शब्द आहेत: "मग सफरचंदाचं काय करायचं?" हे बाबा कशाला विचारतील? हे गर्दीतून सफरचंदाची दारू करणारा कोणीतरी ओरडलाय. म्हणजे सभेतला माणूस बोलला की तू त्याचे शब्द दोन फुल्यांमध्ये कोंडत होतीस. मी मोठ्याने हसले. वाटलं, चला, एक गाठ सुटली.

मग मी सातवी वही काढली. ऑक्टोबर १८५४, आपल्या गावचं सभागृह, पळालेल्या गुलामांना धरून परत द्यायच्या कायद्याविरुद्धचं बाबांचं भाषण. ज्या भाषणाने बाबा एल्नाथन प्रेबल झाले, ते भाषण. बाबा विचारतात, या देशात कायदा कोणी पाहिलाय का? मग फुली. मग "कायदा मी कधी पाहिला नाही; पाहिला तो त्याचा हात." मग पुन्हा फुली. आणि त्यानंतर बाबा म्हणतात, "ऐकलंत? पुन्हा सांगतो."

मी ते पान दहा दिवस वाचतेय. शाळेत मुलींना भूगोल शिकवताना मला तेच दिसतं. आई, ते वाक्य बाबांचं नाहीच. कोणीतरी मागून बोललं आणि बाबांनी ते उचललं. "पुन्हा सांगतो" ही त्यांची कला म्हणून आम्ही सगळे माना डोलावत आलो, आणि ते बिचारे खरंच दुसऱ्याचं वाक्य पुन्हा सांगत होते! त्या वाक्यावर बाबांचं नाव झालं. ते वाक्य त्यांच्या थडग्याच्या दगडावर आहे. आल्फियसने तर ते रस्त्यावर टांगलंय.

मी लगेच मि. स्पूनरना लिहिलं की हे पान बदलायचंय. ते म्हणाले की पानाचा ठसा ओतून तयार आहे, शिवाय गिऱ्हाईक ते वाक्य बघूनच पुस्तक मागवतं. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा नकार दिला, या वेळी अधिक गोड भाषेत. मी तिसऱ्यांदा लिहिल्यावर म्हणाले की बाबांची वारस म्हणून आई सही करील तरच बदलू, आणि तेही एक मेच्या आत. म्हणजे आता सगळं तुझ्या सहीवर आहे.

मला दोनच गोष्टी सांग. वाक्य कोणाचं होतं, आणि तू आम्हाला का सांगितलं नाहीस. मी रागावलेली नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? मी फार रागावले आहे.

तब्येतीला जप. तुझी माया आहे हे मला ठाऊक आहे, म्हणूनच इतकं बोलवतं.

तुझी,
ड्रुसिला

*

ब्रँटली
१७ मार्च १८८७

चि. ड्रुसिलास आईचे आशीर्वाद. ते तुझ्या रागासकट तुझेच आहेत.

वि. वि. पत्र मीच फोडलं. आल्फियस त्या वेळी कोणाच्या तरी बाळाचा पापा घेत होता. निवडणूक आली की त्याला गावातली सगळी बाळं गोड वाटतात.

तुला सांगते. तिचं नाव अलीथा बॅरो. मिसेस पेटिबोनच्या सासूची खाणावळ होती ना, तिथे ती स्वयंपाक करायची. केंटकीतून पळून आलेली काळी बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. सभेच्या दिवशी ती मागे शेगडीपाशी उभी होती. तुझ्या बाबांनी प्रश्न टाकला तो टाकायचा म्हणून. उत्तर येईल अशी त्यांची काही अपेक्षा नव्हती. तिने उत्तर दिलं. मग बाबांनी तेच वाक्य आपल्या आवाजात म्हटलं आणि लोक बाकांवर चढले.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः खाणावळीच्या मागच्या दाराशी गेले. मी बरोबर होते. ते म्हणाले की वर्तमानपत्रवाले भाषण मागताहेत, त्यात तुमचं नाव घालतो. ती हातातलं पीठ न झटकता म्हणाली की घाला, म्हणजे केंटकीतल्या माझ्या मालकाला मला शोधायचे कष्ट नकोत. नाव गाळलं. महिन्याभरात ती सरोवर ओलांडून कॅनडात गेली. युद्ध संपल्यावर एकदा तिचं पत्र आलं होतं, चॅटम गावाहून. तिथल्या बाप्टिस्ट चर्चचा पत्ता होता. सुखरूप आहे, एवढंच लिहिलं होतं.

म्हणजे आधी आम्ही तिच्या जिवासाठी गप्प बसलो. ते बरोबरच होतं. पण पासष्ट साली गुलामगिरी गेली, त्यानंतर कोणासाठी गप्प बसलो? मी बाबांना एकदा म्हटलं. ते म्हणाले की पुढच्या भाषणात सांगतो. पुढच्या भाषणात लोकांनी ते वाक्य मागितलं, त्यांनी म्हटलं, टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या सुरू झाल्या की तुझ्या बाबांना मागे वळून बघता येत नसे. ते वाईट नव्हते गं. पण खरं सांगायचं उद्यावर ढकलत गेले, आणि उद्या संपले. मीही त्यांच्या थडग्यावर हेच वाक्य कोरायचं ना म्हणून तुम्ही विचारलं तेव्हा होकारार्थी मान हलवली.

आता सहीचं. मला थोडे दिवस दे. छत्तीस वर्षं मी त्या माणसाचे शब्द उतरवले, आणि आता त्यातला एकच, लोकांना आठवणारा, मी पुसून टाकायचा. तुला वाटतं तितकं ते सोपं नाही.

आल्फियसला मी सांगितलंय. तो जेवला नाही.

माया आहेच. ती मागावी लागत नाही.

तुझी आई

*

ब्रँटली
२४ मार्च १८८७

ताईस नमस्कार. आज थट्टा नाही.

वि. वि. तू हे काय आरंभलं आहेस? मतदान बारा दिवसांवर आलंय. माझा विरोधक रोज विचारतो की प्रेबलच्या पोराकडे बापाच्या एका वाक्याशिवाय आहे काय. आणि तू मला सांगतेस की ते एक वाक्यसुद्धा बापाचं नाही!

बरं, मानलं की त्या बाई बोलल्या. पण शेगडीपाशी बोललेलं चार माणसं ऐकतात. बाबांनी म्हटलं म्हणून ते देशाने ऐकलं. पाऊस पडला म्हणून पीक ढगाचं होत नाही, ते शेतकऱ्याचंच राहतं. तेहतीस वर्षांत त्या बाईंनी कधी हक्क सांगितला का? नाही. मग तू कोण त्यांची वकील?

माझं सोड. तू बाबांचं काय करणार आहेस? पन्नास वर्षं हा माणूस घोड्यावरून, चिखलातून, खोकत गावोगाव हिंडला. त्याची भाषणं कोणी वाचणार नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही. दगडावर एक ओळ उरली होती. ती तूच खरवडून काढ, म्हणजे आपण सगळे सुटलो.

आईला मी सही करू नकोस म्हणून सांगितलंय. ती नुसती बीन्स सोलते.

आल्फियस

*

चॅटम, कॅनडा
२ एप्रिल १८८७

मिस ड्रुसिला प्रेबल यांस अलीथा बॅरोचा सलाम.

तुमचं पत्र आमच्या पाद्रीबाबांनी प्रार्थना संपल्यावर सगळ्यांदेखत माझ्या हातात ठेवलं. त्यामुळे आता चर्चभर मला कोणी नवरा सांगून आला अशी बोलवा आहे. चौसष्टाव्या वर्षी. तुमचे आभार.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहितेय. लिहायला मी चाळिशीत शिकले, तेव्हा अक्षराला हसू नका. तुमच्या आईंना माझा मुद्दाम नमस्कार सांगा. त्या दिवशी मागच्या दाराशी त्यांनी मला आपली लोकरीची शाल दिली होती. ती सरोवरावर फार कामाला आली.

तुम्ही पाठवलेलं छापील पान वाचलं. नवीन पानावर माझं नाव घालणार म्हणता. नाव बरोबर लिहिलंय, इंग्रजीत त्याला दोन 'आर' लागतात, तुम्ही दोन घातलेत. आता काही कोणाला भ्यायचं कारण उरलं नाही. घाला.

पण बाई, शब्द चुकलाय.

खरं सांगू का? तुमच्या वडिलांचं ते हाताचं वाक्य मी पेपरात दोनतीनदा वाचलं होतं. दर वेळी म्हटलं की छान बोलतो हा माणूस, पण मी बोलले ते काही याने छापलं नाही. ते माझंच आहे असं मला कधी वाटलंच नाही! तुमचं पत्र आलं तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी माझंच वाक्य वाचत होते.

मी हात म्हणाले नव्हते. कायद्याचा हात मी कुठे बघणार? हात पुढे करतात तो ओळखीच्या माणसाला. मी म्हणाले होते: "कायदा मी कधी पाहिला नाही, पाहिला तो त्याचा कुत्रा." हाउंड म्हणाले मी, हाउंड. माग काढत येतो तो. माझ्या डाव्या पोटरीवर त्याच्या दातांची खूण अजून आहे, दाखवू शकते. आमचा केंटकीचा उच्चार आहे, आम्ही तो शब्द चपटा काढतो. तुमच्याकडच्या लोकांना तो हॅंड ऐकू आला असेल. एका आवाजाचा फरक. पण एवढ्या मोठ्या सभेत एकालाही कुत्रा ऐकू आला नाही, याचं मला आज सकाळपासून हसू येतंय, आणि हसू थांबलं की दुसरंच काहीतरी होतंय.

तेव्हा असं करा. हात छापायचा असेल तर माझं नाव नको, तो तुमच्या वडिलांचा आहे, त्यांनाच राहू द्या. माझं नाव घालणार असाल तर कुत्रा घाला.

इकडे बर्फ अजून वितळलेलं नाही. तुमची ओळख झाली, ती राहू द्या.

अलीथा बॅरो

*

हार्लो फॉल्स
७ एप्रिल १८८७

ती. आईस साष्टांग नमस्कार.

वि. वि. सोबत मिसेस बॅरोंचं पत्र जोडलंय. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? मी तर वहीच घेऊन बसले. हॅंड काय आणि हाउंड काय, तुझ्या लिपीत रेघ एकच! स्वर गाळलेले. दोन फुल्यांच्या मध्ये ती रेघ आहे आणि बाबांच्या तोंडीही तीच रेघ आहे. मी ती हात म्हणून वाचली, कारण आयुष्यभर तेच ऐकत आले. मागचंपुढचं बघून ओळखायचं असं तुझं पुस्तक सांगतं, पण आपलं मागचंपुढचं म्हणजे आपलं घर, आपलं गाव, आपला गोरा न्यायाधीश. आपल्या घरात कायद्याला हातच होता, आई. त्याला दात असतील हे कोणाच्या डोक्यात येणार?

आता माझी पंचाईत बघ. मिसेस बॅरोंचं म्हणणं खरं आहे याला पुरावा एकच, ही वही, आणि ती दोन्हीकडून बोलते. मि. स्पूनरना मी कळवलं. त्यांनी उत्तर पाठवलं की चामड्याच्या बांधणीच्या ग्रंथात ऐन वाक्याला कुत्रा आलेला गिऱ्हाइकाला खपणार नाही. पुढे असंही म्हणतात की त्या बाईंचं वय झालंय, त्यांची स्मृती दगा देत असेल. मी ते पत्र शेगडीत घातलं, आणि लगेच पस्तावले, कारण असला मूर्खपणा पुरावा म्हणून जपून ठेवायला हवा होता.

आल्फियसचं मला पटत नाही, पण त्याचं एक वाक्य सुटत नाही. बाबांची एक ओळ उरली होती, असं तो म्हणाला. रविवारी मी थडग्याशी गेले होते. तो दगड, ती अक्षरं. मला रडू आलं आणि रागही आला. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी ते वाक्य पाठ केलं होतं. मला त्यांना लहान करायचं नाही. पण एका बाईने भर सभेत आपला जीव धोक्यात घालून एक शब्द उच्चारला, आणि आपण तिचं नाव तर गाळलंच, शब्दही बदलून टाकला. हे ठाऊक झाल्यावर ते पान तसंच छापू? मी हात टेकले, आई. (बघ, इथेही हातच!)

सातवी वही या पत्राबरोबर नोंदणी करून पाठवतेय. तूच लिहिलंयस, तूच वाच. त्या दिवशी तुझ्या कानांवर काय पडलं ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. तुला आठवत नसेल तर तसं कळव, मी त्यावर शब्द काढणार नाही. पण आठवत असेल तर सांग.

आल्फियसच्या निवडणुकीचं काय झालं? पेपर अजून आला नाही.

तुझी,
ड्रुसिला

*

ब्रँटली
१५ एप्रिल १८८७

चि. ड्रुसिलास आईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आल्फियस एकोणीस मतांनी निवडून आला. मी मत कोणाला दिलं ते विचारू नकोस, त्यालाही सांगितलेलं नाही. तो रोज नवीन बाजूने काढून घ्यायला बघतो. मी चिठ्ठी पेटीत टाकत असताना मागच्या रांगेतल्या एका बाईने माझं कोपर धरलं. बाकी काही नाही.

न्यायालयात आपल्या खुर्चीमागे तो तोच फलक लावणार होता. खिळेसुद्धा ठोकून झाले होते. तुझं पाकीट आलं त्या दिवशी मी त्याला जेवायला बसवलं आणि मिसेस बॅरोंचं पत्र मोठ्याने वाचायला लावलं. पोटरीपाशी आला आणि थांबला. पुढचं कॉर्नेलियाने वाचलं. दुसऱ्या दिवशी तो फलक कोठीच्या खोलीत पिठाच्या पिंपामागे गुंडाळून ठेवलेला दिसला. खिळे तेवढे भिंतीत राहिलेत. तू त्याला टोचून लिहू नकोस. उद्यापासून त्याच्यापुढे माणसं उभी राहणार आहेत, आणि काल तो मला विचारत होता की शहराच्या पोलिसांनी किती कुत्रे पाळलेत हे कुठे कळेल.

आता माझं. वही पुढे घेऊन मी तीन दिवस बसले. तुला म्हटलं होतं, आठवत नाही. आठवतं, ड्रुसिला. मी पहिल्या रांगेत होते, पण माझे कान मागे असायचे, ते माझं कामच होतं. तिचा शब्द मी ऐकला. हाउंडच ऐकला. ऐकला तसा रेघेत घातला. मग तुझ्या बाबांनी हॅंड म्हटलं, तोही ऐकला, तोही घातला. कागदावर दोन्ही एक झाले. आणि सगळं सभागृह उभं राहिलेलं बघून मला वाटलं की माझंच चुकलं असेल, इतकी माणसं कशी चुकतील. हात शोभतही होता. घरी येऊन वर्तमानपत्रासाठी भाषण साध्या अक्षरांत उतरवताना मी त्या पहिल्या रेघेशी थांबले होते. किती वेळ थांबले ते मला आजही सांगता येईल. चहा निवून गेला होता. मग मी हात लिहिलं.

तेव्हा बाबांना दोष देताना निम्मा मला दे. त्यांनी चुकीचं ऐकलं. मी बरोबर ऐकून चुकीचं लिहिलं.

मि. स्पूनरच्या कागदावर सही करून सोबत पाठवतेय. मात्र माझी अट आहे. बाबांचं वाक्य काढायचं नाही. तिचं नाव घालून तिचं वाक्य छाप, त्यात कुत्रा. मग "ऐकलंत? पुन्हा सांगतो." मग बाबांचं वाक्य, त्यात हात, जसं ते बोलले तसं. मग कंसात टाळ्या. ते सगळं एका पानावर येऊ दे. वाचणाऱ्याला काय कळायचं ते कळेल. बाबा असते तर त्यांनी आधी आरडाओरडा केला असता आणि मग कबूल झाले असते. निदान मी तसं धरून चालते. दगडाचं तुम्ही दोघं भावंडं मिळून ठरवा. मला आता दगडाची घाई नाही.

मिसेस बॅरोंना मी स्वतंत्र पत्र घातलंय. शालीचं त्यांनी लक्षात ठेवलं, याची मला लाज वाटली, हेही लिहिलंय.

वही परत पाठवतेय. एकशे चाळिसावं पान बघ. त्या लिपीत स्वर लिहिताच येत नाही असं नाही. रेघेशेजारी एक बारीक खूण करायची असते. घाई असली की ती गाळतात, आणि मागाहून सवडीने भरतात. मला सवड मिळायला तेहतीस वर्षं लागली. दोन्ही रेघांना मी आज आपापला स्वर घातला. शाई नवी आहे, त्यामुळे वेगळी दिसेल. ती तशीच दिसू दे.

तुझी आई